वादसभेंतील जयापजय

वाद कोणीं जिंकला, हा प्रश्न वादाइतकाच जुना आहे. आपल्या पूर्वजांनीं तो किती गंभीरपणें हाताळला होता ह्याची साक्ष न्यायशास्त्र देतें. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्याच्या इच्छेनें चालतो तो वाद. केवळ जिंकण्याच्या इच्छेनें, छल वगैरे साधनांचाही आश्रय करून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा पक्ष मोडण्यापुरतीच चालते ती वितंडा. एवढ्यावर न थांबतां, पराजय कशास म्हणावें हेंही त्या शास्त्रानें बावीस निग्रहस्थानें सांगून ठरवून टाकलें आहे. आपली मूळ प्रतिज्ञा सोडून देणें, विषयाशीं संबंध नसलेलें बोलणें, उत्तर न सुचणें, कांहीं निमित्त काढून चर्चा मोडणें, ह्यांसारखा दोष घडला कीं वादी हरला. निर्णय देणारा मध्यस्थ आधीं ठरलेला आणि निर्णयाची कसोटीही आधीं ठरलेली, अशी ती व्यवस्था होती.

परंतु ह्याच परंपरेनें दुसरीही एक कसोटी जपून ठेविली आहे. शंकराचार्य व मंडनमिश्र ह्यांच्या वादाची आख्यायिका वाचकांस ठाऊक असेलच. मंडनमिश्रांची विदुषी पत्नी उभयभारती मध्यस्थ झाली. तिनें दोघांच्या गळ्यांत फुलांच्या माळा घातल्या, आणि ज्याची माळ कोमेजेल तो हरला असें ठरलें. ज्याचा युक्तिवाद लंगडा पडूं लागतो त्याचें चित्त क्षुब्ध होतें, देह तापतो, आणि त्या तापानें फुलें सुकतात, असा ह्या कथेचा भावार्थ सांगतात. म्हणजे एक कसोटी शब्दांची व दुसरी देहाची. एक कानांनीं व बुद्धीनें लावावयाची, दुसरी नुसत्या डोळ्यांनीं.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत अध्यक्षपदाचे उमेदवार दूरचित्रवाणीवर समोरासमोर उभे राहूं लागले, तेव्हांपासून ह्या दोन कसोट्यांचा झगडा नव्यानें सुरू झाला. तेथें मध्यस्थ एक नाहीं, कोट्यवधि आहेत. आणि कसोटी कोणती हें कोणींच ठरवून दिलेलें नाहीं. तरीही दुसऱ्या दिवशीं ‘अमुक जिंकला’ असा निकाल सर्वत्र ऐकूं येतो. हा निकाल येतो तरी कोठून? ह्या वादांचा इतिहास पाहिला असतां आमच्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. वादांतील जयापजय व्यासपीठावर वाटतो त्यापेक्षां कमी ठरतो. तो बहुतांशीं मागाहून, वादाविषयींच्या बोलण्यांत घडविला जातो.

ह्या गोष्टीचा आरंभ दूरचित्रवाणीच्या पुष्कळ आधीं झाला. इ. स. १८५८ सालीं इलिनॉय संस्थानांत अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस ह्यांचे सात गांवीं सात वाद झाले. पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास उत्तर द्यावें, आणि पुन्हां पहिल्यानें अर्धा तास समारोप करावा, असा नियम होता. विषय मुख्यतः एकच, नव्या प्रदेशांत गुलामगिरीस थारा द्यावा कीं नाहीं हा. लोक तीन तीन तास उघड्यावर उभे राहून हें ऐकत. शिकागोचीं दोन पत्रें लघुलेखकांकडून भाषणें उतरवून घेत. ‘प्रेस अँड ट्रिब्यून’ हें लिंकन ह्यांच्या बाजूचें आणि ‘टाइम्स’ हें डग्लस ह्यांच्या बाजूचें. आपल्या माणसाचें भाषण सफाईदार करून छापावयाचें व प्रतिपक्षाचें ओबडधोबड, असा आरोप प्रत्येक पत्र दुसऱ्यावर करी. त्यामुळें ज्यानें जें पत्र वाचलें त्याला त्याचा माणूस जिंकलेला दिसला.

त्या काळीं सेनेटचे सभासद मतदार थेट निवडीत नसत, संस्थानाचें विधिमंडळ निवडीत असे. त्या विधिमंडळानें डग्लस ह्यांस निवडलें; तेव्हां वरवर पाहतां लिंकन हरले. परंतु त्यांनीं वृत्तपत्रांतील कात्रणें जपून ठेविलीं होतीं, आणि १८६० सालीं ओहायो संस्थानांतील कोलंबस येथून तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यांनीं स्वतःचीं भाषणें आपल्या बाजूच्या पत्रांतून घेतलीं, आणि डग्लस ह्यांचीं भाषणें डग्लस ह्यांच्याच बाजूच्या पत्रांतून घेतलीं. प्रतिपक्षास त्याच्या उत्तमोत्तम रूपांत लोकांपुढें उभें करण्याची ही न्यायबुद्धि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षीं लिंकन अध्यक्ष निवडून आले. त्या वादाचा खरा निकाल उशिरां लागला. पण लोकांनीं वाचून लावला.

एक शतक लोटलें. १९३४ च्या दळणवळणविषयक कायद्यानें नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर असें बंधन घातलें होतें कीं, एका उमेदवारास वेळ दिला तर त्या जागेच्या इतर सर्व उमेदवारांस तितकाच द्यावा. १९६० च्या निवडणुकीपुरतें हें बंधन अमेरिकन काँग्रेसनें स्थगित केलें, आणि २६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागो येथील एका केंद्रांत जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन ह्यांचा पहिला वाद झाला. प्रत्येकानें आठ मिनिटें प्रास्ताविक करावें, मग चार पत्रकारांनीं प्रश्न विचारावे, आणि शेवटीं दोघांनीं थोडक्यांत समारोप करावा, अशी रचना होती. सुमारें सात कोटि लोकांनीं तो पाहिला असें मानतात.

निक्सन तेव्हां आठ वर्षें उपाध्यक्षपदीं होते. ऑगस्टमध्यें मोटारीच्या दारावर गुडघा आपटून तो चिघळला होता आणि त्यांस रुग्णालयांत पडून राहावें लागलें होतें. वजन उतरलें होतें, सदऱ्याची गळपट्टी सैल झाली होती. अंगांतील फिक्या राखी रंगाचा पोशाख मागच्या राखी पडद्यांत मिसळून जात होता. चेहऱ्यावर दाढीची सांवली झांकण्यासाठीं लावलेली पूड दिव्यांच्या उष्णतेंत टिकली नाहीं आणि घाम दिसूं लागला. उलट केनेडी गडद पोशाखांत, उन्हानें तांबूस झालेल्या चेहऱ्यानें, स्वस्थ उभे होते. एकजण बोलत असतां दुसऱ्याचा चेहरा पडद्यावर दाखविण्याची योजना होती. त्यामुळें निक्सन घाम पुसतांना कोट्यवधि लोकांनीं पाहिले. उभयभारतीची माळ कोमेजली ती अशी.

ह्या प्रसंगाची जी कथा पुढें रूढ झाली ती सर्वांनीं ऐकली आहे: ज्यांनीं दूरचित्रवाणीवर पाहिलें त्यांस केनेडी जिंकल्यासारखे वाटले, आणि ज्यांनीं नभोवाणीवर नुसतें ऐकलें त्यांस निक्सन. डोळा कानाहून कसा फसवा आहे, ह्याचा दाखला म्हणून ही कथा अनेक पाठ्यपुस्तकांत दिली जाते. परंतु तिचा आधार तपासला म्हणजे तो फार बारीक निघतो. फिलाडेल्फिया येथील सिंडलिंगर नांवाच्या संस्थेनें केलेल्या एका पाहणींत दोन हजारांहून अधिक लोकांस प्रश्न विचारले होते, आणि त्यांत नभोवाणीवर ऐकणारे केवळ २८२ होते. हे श्रोते कोण, कोणत्या भागांतले, आधीं कोणाकडे झुकलेले, ह्याचा विचार झालाच नव्हता. १९६० सालीं अमेरिकेंत बहुतेक घरांत दूरचित्रवाणीचा संच आला होता. ज्यांच्याकडे नव्हता ते बहुधा खेड्यापाड्यांतले, आणि केनेडी कॅथॉलिक म्हणून ज्या वर्गांत त्यांच्याविषयीं अविश्वास होता त्या वर्गांतले असणें संभवनीय होतें. १९८७ सालीं व्हॅन्सिल व पेंडेल ह्या दोन अभ्यासकांनीं हे आक्षेप सविस्तर मांडून ती कथा दंतकथा ठरविली.

येथें न्याय दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. २००३ सालीं जेम्स ड्रकमन ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांस त्या जुन्या वादाविषयीं कांहीं माहिती नव्हती अशांपैकीं कांहींना त्यांनीं तो वाद दाखविला व कांहींना नुसता ऐकविला. पाहणाऱ्यांत केनेडी जिंकले म्हणणारे अधिक निघाले, आणि निर्णय करतांना त्यांनीं उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वास अधिक महत्त्व दिलें. तेव्हां डोळ्याचा परिणाम खोटा नाहीं. खोटी आहे ती त्या परिणामानें निवडणूक फिरली ही खात्री. गॅलप ह्यांच्या चांचणींत वादापूर्वीं निक्सन ४७ व केनेडी ४६ असे होते, आणि वादानंतर केनेडी ४९ व निक्सन ४६. हा फरक अशा चांचण्यांत नुसत्या योगायोगानेंही पडूं शकतो. अखेरीस केनेडी सुमारें एक लाख तेरा हजार मतांच्या आधिक्यानें आले, आणि एकूण मतें पडलीं होतीं पावणेसात कोटींहून अधिक. इतक्या अल्प अंतराच्या निवडणुकींत प्रत्येक कारण निर्णायक म्हणून पुढें करतां येतें. घामाचें कारण सर्वांत चित्रमय होतें म्हणून तें टिकलें. म्हणजे पहिल्या वादाचा जो निकाल आज आपण पाठ म्हणतों तोही मागाहूनच घडलेला आहे.

ह्यानंतर १९६४, १९६८ व १९७२ ह्या तीन निवडणुकींत असे वाद झाले नाहींत. १९७५ सालीं नियामक मंडळानें समान वेळेच्या बंधनाचा अर्थ सैल केला, आणि १९७६ सालीं ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ह्या स्त्रियांच्या संस्थेनें जेरल्ड फोर्ड व जिमी कार्टर ह्यांस एकत्र आणलें. फिलाडेल्फियाच्या पहिल्या वादांत ध्वनियंत्रणा बिघडली, आणि दोघे उमेदवार आपापल्या मंचकामागें सत्तावीस मिनिटें जवळजवळ मुकाट्यानें उभे राहिले. खालीं बसलें किंवा दुसऱ्याशीं बोललें तर आपण दुबळे दिसूं, अशी भीति दोघांसही वाटली असावी. देशाचा अध्यक्ष होऊं पाहणारे दोन प्रौढ पुरुष पुतळ्याप्रमाणें उभे आहेत, आणि तरी कोणी म्हणत नाहीं कीं हा वाद नव्हे; ह्याहून मार्मिक टीका त्या प्रकारावर दुसऱ्या कोणास करतां आली नसती.

परंतु खरा धडा दुसऱ्या वादांत, ६ ऑक्टोबर १९७६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें मिळाला. पूर्व युरोपावर सोव्हिएट रशियाचें वर्चस्व नाहीं आणि आपल्या कारकीर्दींत होणारही नाहीं, असें फोर्ड बोलून गेले. पोलंड व हंगेरी येथील स्थिति जगास दिसत होती. प्रश्नकर्त्या पत्रकारानें चकित होऊन पुन्हां विचारलें, तरी त्यांनीं माघार घेतली नाहीं. आतां पाहा. त्याच रात्रीं, वाद संपतांच, फोर्ड ह्यांच्या बाजूनें मतचांचणी करणाऱ्यांनीं लोकांस विचारलें तेव्हां फोर्ड थोडे सरस आढळले. पुष्कळांच्या तें वाक्य ध्यानांतही राहिलें नव्हतें. मग रात्रीच्या बातम्या झाल्या, सकाळचीं पत्रें आलीं, दिवसभर त्या एका वाक्याची चर्चा झाली. आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं विचारलेल्या लोकांत कार्टर फार मोठ्या अंतरानें विजयी ठरले. वाद तोच, वाक्य तेंच. बदलला तो केवळ मधला एक दिवस.

ह्या उदाहरणाचा अर्थ एकेरी नाहीं. फोर्ड ह्यांचें वाक्य खरोखरच चुकीचें होतें. तें ज्यांच्या ध्यानांत आलें नाहीं त्यांस पत्रकारांनीं तें दाखवून दिलें, ह्यांत पत्रकारांनीं आपला धर्मच पाळला. परंतु चूक दाखविणें वेगळें आणि ‘म्हणून तो हरला’ असा निकाल हातीं देणें वेगळें. पहिल्यानें मतदार शहाणा होतो. दुसऱ्यानें त्याला आपलें मत बनविण्याचे श्रम उरत नाहींत. पुढील काळांत हें दुसरें कार्य वाढत गेलें, व तें करणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसायच झाला.

१९८० सालीं कार्टर व रेगन ह्यांच्या वादानंतर एका दूरचित्रवाणी संस्थेनें लोकांस दूरध्वनि करून निकाल देण्यास बोलाविलें. प्रत्येक दूरध्वनीस अर्धा डॉलर पडे. सुमारें सात लाख दूरध्वनि आले आणि रेगन दुपटीनें जिंकले. ज्याच्यापाशीं पैसे व हौस आहे त्याचाच आवाज तेवढा मोजला गेला. तरी सात लाख ह्या आंकड्यापुढें शेंकडों जणांची पद्धतशीर चांचणी कोणास दिसणार? १९८४ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका अग्रलेखानें, वाद संपतांच पत्रकारांना गांठून आपल्या उमेदवाराच्या जयाची ग्वाही देणाऱ्या मंडळींस ‘स्पिन डॉक्टर’ म्हटलें. चेंडूस फिरकी द्यावी तशी ते घटनेस फिरकी देतात. त्यांचें कौशल्य सत्य सांगण्यांत नसतें, सर्वांआधीं सांगण्यांत असतें.

२००० सालीं बॉस्टन येथील पहिल्या वादानंतर लगेच घेतलेल्या गॅलप चांचणींत ॲल गोर ४८ व बुश ४१ असे होते. बुश बोलत असतां गोर मोठ्यानें उसासे टाकीत होते. पुढील दिवसांत ते उसासे एकापाठोपाठ एक जोडून पुनःपुन्हां दाखविण्यांत आले, विनोदी कार्यक्रमांत त्यांची नक्कल झाली, आणि ज्यांस गोर जिंकल्यासारखे वाटले होते त्या देशाच्या स्मरणांत तो वाद त्यांचा पराभव म्हणून राहिला.

पुढें तर निकालासाठीं दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याचीही गरज उरली नाहीं. वाद चालू असतांनाच पडद्याच्या तळाशीं एक वळवळती रेघ दाखविण्याची प्रथा कांहीं देशांत निघाली; कांहीं निवडक प्रेक्षकांची पसंती वाढली कीं ती वर जाते, उतरली कीं खालीं. तिला ‘किडा’ असेंच नांव पडलें. २०१० सालीं ब्रिटनच्या निवडणुकींतील तिसऱ्या वादाच्या वेळीं डेव्हिस, बोवर्स व मेमन ह्या मानसशास्त्रज्ञांनीं दीडशे लोकांवर प्रयोग केला. त्यांच्या पडद्यावरील रेघ गुप्तपणें हाताळली होती: एका गटास ती गॉर्डन ब्राउन ह्यांना अनुकूल दाखविली, दुसऱ्यास निक क्लेग ह्यांना. वाद कोणीं जिंकला असें विचारतां दोन्ही गट आपापल्या रेघेच्या मागें गेले. आपण तोच वाद स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला आहे असें दोघांसही वाटत होतें. प्रस्तुत विषयावर ह्याहून गंभीर पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं. माणूस दुसऱ्याचें मत उसनें घेतो, आणि घेतल्याचें त्याला कळतही नाहीं.

एवढें करून जो विजय मिळतो त्याची किंमत किती? १९८४ सालीं पहिल्या वादांत माँडेल सरस मानले गेले, आणि एकूण पन्नास संस्थानांपैकीं एकोणपन्नास रेगन ह्यांनीं जिंकलीं. २००४ सालीं चांचण्यांनीं केरी ह्यांस, आणि २०१६ सालीं हिलरी क्लिंटन ह्यांस वादांचे विजेते ठरविलें. दोघेही अध्यक्ष झाले नाहींत. २०१२ सालीं डेन्व्हर येथील पहिल्या वादांत गॅलप चांचणीनें रॉम्नी ह्यांस ७२ विरुद्ध २० असा विजय दिला; निवडून आले ओबामा. १० सप्टेंबर २०२४ रोजीं फिलाडेल्फियांत कमला हॅरिस सरस ठरल्या. निवडून आले ट्रम्प. असे वाद पाहणारे बहुतेक लोक आधींच एका पक्षाचे असतात. ते न्याय करण्यास नव्हे, आपल्या मल्लास टाळी देण्यास बसलेले असतात.

एक अपवाद मात्र मोठा आहे. २७ जून २०२४ रोजीं अटलांटा येथें अध्यक्ष बायडन व ट्रम्प ह्यांचा वाद झाला. सभागृहांत प्रेक्षक नव्हते. टाळ्या नाहींत कीं हंशा नाहीं. बायडन तेव्हां एक्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचा आवाज बसला होता, वाक्यें अर्धवट तुटत होतीं, आणि एके ठिकाणीं विचाराचा धागाच हरवला. चांचणींत ६७ विरुद्ध ३३ अशा प्रमाणांत ट्रम्प विजयी ठरले आणि २१ जुलै रोजीं बायडन ह्यांनीं उमेदवारी सोडली. येथें निकाल कोणीं फिरकी देऊन घडविला असें म्हणतां येणार नाहीं. उलट त्यांच्या बाजूच्या मंडळींनीं दिलेली फिरकी फुकट गेली. उत्तर न सुचणें ह्यास न्यायशास्त्र ‘अप्रतिभा’ म्हणतें, आणि तें निग्रहस्थान आहे. ज्या पदावर बसून मध्यरात्रीं युद्धाचा निर्णय घ्यावा लागतो त्या पदासाठीं देहाची व मनाची शक्ति हा विषयबाह्य प्रश्न नव्हे. तेव्हां माळेची कसोटी सर्वस्वीं त्याज्य नाहीं. निक्सन ह्यांचा घाम दुखऱ्या गुडघ्याचा व दिव्यांच्या उष्णतेचा होता. त्यावरून त्यांच्या राज्यकारभाराविषयीं कांहीं कळत नव्हतें. बायडन ह्यांची अडखळ ही खुद्द त्या पदाच्या कामाशीं निगडित होती. डोळ्यांस जें दिसतें तें पुरावा आहे कीं निव्वळ देखावा, हें ओळखणें हाच विवेक होय.

आपल्याकडे लोकसभेच्या निवडणुकींत पंतप्रधानपदासाठीं असा समोरासमोर वाद आजवर झालेला नाहीं. मे २०२४ मध्यें माजी न्यायमूर्ति मदन लोकूर व अजित प्रकाश शहा आणि पत्रकार एन. राम ह्यांनीं दोन प्रमुख पक्षांच्या नेत्यांस तसें आमंत्रण दिलें होतें. परंतु तो योग आला नाहीं. उद्यां आला, तर त्याचे न्यायाधीश आपणच होणार. त्या दिवसासाठीं अमेरिकेच्या ह्या अनुभवांतून कांहीं घेण्यासारखें असेल तर तें इतकेंच कीं, वाद संपतांच संच बंद करावा, आणि दुसऱ्याचा निकाल कानांवर पडण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं आपसांत बोलावें. विचारलेल्या प्रश्नास कोणीं उत्तर दिलें व कोणीं विषय बदलला? कोणाचें विधान उद्यां तपासून पाहतां येईल? आपल्या आवडत्या उमेदवाराचें कोणतें म्हणणें आपल्यास पटलें नाहीं? ह्या शेवटच्या प्रश्नास ज्याच्यापाशीं उत्तर नसेल त्यानें वाद ऐकला असें म्हणतां यावयाचें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पत्रकारांनीं दाखविलेल्या चुका अवश्य वाचाव्या आणि आपलें मत बदलावेंही. पण बदलण्यासाठीं आधीं तें आपलें असलें पाहिजे. मतपेटीपाशीं माणूस एकटाच जातो. तेथें तो उसनें मत घेऊन गेला, तर त्या वादांत कोणता उमेदवार हरला हें फारसें महत्त्वाचें नाहीं. मतदार मात्र खास हरला.